आधी अर्ज, मग प्रदर्शन: आपल्या निर्मितीचे हक्क कसे सांभाळायचे

माझ्या पहिल्या पेटंट अर्जावर परीक्षकाचा अहवाल आला, तेव्हा त्यात माझ्याविरुद्ध एकच पुरावा होता: मी स्वतः इंटरनेटवर टाकलेला ३ मिनिटांचा व्हिडिओ. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी एका हाताने लांबी कमीजास्त करता येईल अशी कुबडी बनवली होती. प्रदर्शनात ती लोकांना फार आवडली. त्या आनंदात मी आतला खटका उघडून कॅमेऱ्यासमोर नीट समजावून सांगितला आणि अर्ज केला १४ महिन्यांनी. जे आधीच जाहीर झालंय त्यावर पेटंट मिळत नाही, मग ते जाहीर करणारी व्यक्ती संशोधक स्वतः का असेना. अमेरिका, जपान अशा काही देशांत संशोधकाला स्वतःच्या प्रसिद्धीनंतर १ वर्षाची सवलत असते. युरोपात ती जवळजवळ नाहीच. माझी तर सवलतीची मुदतही उलटून गेली होती.

त्या अहवालामुळे मी या विषयाकडे वळले आणि आज पेटंटचे मसुदे लिहिणं हेच माझं काम आहे. माझ्याकडे येणारी बरीच माणसं हक्क हातचा गेल्यावर येतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून जे आधी करायला हवं ते इथे सांगते.

पहिलं काम म्हणजे हक्काचं नाव ओळखणं. ‘मला माझ्या कल्पनेचं कॉपीराइट करायचंय’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. कल्पनेला कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत, चित्रात किंवा सुरांत उतरली त्याला असतो. हातातलं बॉलपेन घ्या. लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये ज्यासाठी पेटंट मागितलं ती गोळी आणि शाई यांची रचना पेटंटचा विषय. पेनावरचं नाव ट्रेडमार्क, बाहेरचा देखणा आकार डिझाइन, खोक्यावरचं चित्र आणि मजकूर कॉपीराइट, आणि शाईची कंपनीने कोणालाही न सांगितलेली कृती व्यापारी गुपित. बिरो यांचं पेटंट केव्हाच संपलं, म्हणून आज कोणीही बॉलपेन बनवू शकतं. पण दुसऱ्याच्या पेनाचं नाव लावून ते विकता येत नाही, कारण ट्रेडमार्क नूतनीकरण करत राहिलात आणि वापरत राहिलात तर तो कितीही वर्षं टिकतो.

तुमची गोष्ट यंत्र, रसायन किंवा प्रक्रिया असेल तर सगळ्यात आधी तोंड बंद ठेवा. हे मी कळकळीने सांगते. स्पर्धा, प्रबंध, मुलाखत, मित्रमंडळींच्या मोठ्या गटात पाठवलेला फोटो, यातलं काहीही अर्जाच्या आधी नको. कारखानदाराला दाखवणं भागच असेल तर आधी गोपनीयतेच्या करारावर त्याची सही घ्या. मग शोध घ्या. एस्पासनेट आणि पेटंटस्कोप या पेटंटच्या दोन्ही ऑनलाइन साठ्यांत फुकट शोधता येतं. नुसत्या शब्दांनी शोधू नका, कारण एकच वस्तू एकाने ‘कुबडी’ म्हटलेली असते, दुसऱ्याने ‘चालण्यास साहाय्य करणारं साधन’. वर्गीकरणाचा संकेतांक वापरा. कुबड्यांचा ए६१एच ३/०२ आहे. तो टाकला की कुठल्याही भाषेतली कुबडी समोर येते. सापडलेल्या पेटंटच्या पहिल्या पानावर कंसात आकडे दिसतात: ५४ म्हणजे शीर्षक, ७२ म्हणजे संशोधक, २२ म्हणजे अर्जाची तारीख, ५७ म्हणजे सारांश. सारांश वाचून थांबू नका. हक्क असतो तो शेवटी दिलेल्या दाव्यांत, म्हणजे क्लेममध्ये: संशोधक नेमकं काय स्वतःचं म्हणतो ते सांगणाऱ्या वाक्यांत.

आणि नवीन असणं पुरेसं नाही, हेही इथेच समजून घ्या. १८५८ मध्ये हायमन लिपमन यांनी मागे खोडरबर बसवलेल्या पेन्सिलीचं पेटंट घेतलं. १८७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. पेन्सिल पेन्सिलीचं काम करते, रबर रबराचं, दोघांच्या जोडीतून वेगळं काही निष्पन्न होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तुमच्या वस्तूत दोन जुन्या गोष्टी एकत्र आल्या असतील तर त्या एकत्र आल्यामुळे काय नवं घडतं, ते एका वाक्यात लिहून पाहा. माझ्या कुबडीत अंगठ्याने खटका दाबताना तीच पकड वजनही पेलत होती. हे वाक्य मला तेव्हा लिहिता आलं असतं.

एका देशात अर्ज केलात की, पॅरिस करारानुसार, तीच तारीख धरून दुसऱ्या सदस्य देशांत जायला १२ महिने मिळतात. ‘जागतिक पेटंट’ नावाची वस्तू नाही, ते विकणाऱ्यापासून दूर राहा. पेटंटची मुदत साधारण अर्जापासून २० वर्षं.

लिहिणारे, चित्र काढणारे, फोटो घेणारे यांचं दुखणं वेगळं. १८८६ च्या बर्न करारामुळे सदस्य देशांत कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणीची अट नाही. तरीही भांडण झालं तर पुरावा लागतो, म्हणून कच्चे आराखडे, थरांसहित मूळ फाइल, तारखेसकट ईमेल जपून ठेवा. काम देणाऱ्याचा करार आला की ‘हस्तांतरण’ आणि ‘परवाना’ हे दोन शब्द शोधा. हस्तांतरणात चित्र तुमच्या हातून जातं, परवान्यात ते तुमचंच राहतं आणि ठरलेल्या कामापुरतं वापरायला दिलं जातं. परवान्यात मुदत, माध्यम आणि प्रदेश लिहून घ्या.

दुसऱ्याचं वापरताना एक गैरसमज सोडा: श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे निर्मात्याने अटी घालून सगळ्यांना आधीच दिलेला, परवाना असेल तर तो वाचा. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नको, ‘एनडी’ असेल तर बदललेली प्रत वाटायची नाही. परवानाच जोडलेला नसेल तर सगळे हक्क मालकाकडे आहेत असं समजा, मग तो उघड्यावर पडलेला कोड का असेना.

ट्रेडमार्कबद्दल थोडक्यात: मालाचं वर्णन करणारं नाव निवडू नका, ते जपणं कठीण. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे वर्ग पाडणाऱ्या नीस वर्गीकरणातल्या ४५ वर्गांपैकी तुमचे कोणते ते आधी ठरवा, मग शोध घ्या.

हे सगळं वाचून हेच काम करावंसं वाटत असेल तर या. भारतात आणि अमेरिकेत पेटंट एजंट व्हायला कायद्याची पदवी लागत नाही, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची बैठक आणि परीक्षा लागते. कोर्टातले खटले लढायचे तर वकिली हवीच. शिवाय शोध घेणारे, परवान्याच्या वाटाघाटी करणारे, परीक्षक, पेटंटचे अनुवादक अशीही माणसं लागतात. सुरुवातीला जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या अकादमीचा डीएल-१०१ हा मोफत अभ्यासक्रम करा.

त्याबरोबर हात चालवायला लागा. माझ्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी एक सेफ्टी पिन देते आणि तिचा दावा एका वाक्यात लिहायला सांगते. बहुतेक जण आधी ‘धातूची, टोकदार, कपडे जोडणारी’ असं लिहितात. त्यात साधी टाचणीही बसते, म्हणजे दावा तिथेच पडला. मग ते घाबरून तारेची जाडी, लांबी, रंग सगळं घालतात. आता थोडी जाड तार वापरून कोणीही सुटेल. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात ‘एकाच तारेतून’ हा शब्द कोणाला तरी सुचतो आणि खोलीत शांतता पसरते. त्यानंतर मी त्यांच्यापुढे वॉल्टर हंट यांचं १८४९ चं अमेरिकी पेटंट, क्रमांक ६२८१, ठेवते. त्यातही तेच आहे: स्प्रिंग आणि अडकवण, दोन्ही एका तारेत. पुढच्या दिवशी त्यांना पिनेऐवजी कात्री मिळते.