फ्युएल पंप बदलण्याआधी त्याचं अर्थिंग (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) मोजा: माझा अनुभव

लक्षण: पेट्रोल कार घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ओढत नाही, ट्रॅफिकमध्ये तापली की बंद पडते. सेल्फ फिरतो, पण गाडी थंड झाल्यावरच चालू होते. प्लग, एअर फिल्टर बदलून फरक शून्य. जो तो थेट नवा फ्युएल पंपच (टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणारा) सांगतो, डोकं फिरतं.

मल्टिमीटरने घरी तपासता येतं, पण सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नको. पेट्रोलची वाफ खाली साचते. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण यायला हवी. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघा.

पंप सतत चालवायला बोनेटखालचा रिले काढा, चावी ऑन ठेवून सॉकेटच्या ३० आणि ८७ या पिना १५ अँपिअरचा फ्यूज लावलेल्या वायरने जोडा. ठिणगी बोनेटखालीच राहते, टाकीजवळ नाही.

पंपाचा कनेक्टर काढून मोजलेले १२ व्होल्ट फसवे, कारण पंप चालत नसल्याने लोडच (करंट) नसतो. कनेक्टर लावलेलाच ठेवून मागून प्रोब (मीटरची टोकदार सळई) घाला. पंप चालू असताना त्याची निगेटिव्ह वायर ते बॅटरी निगेटिव्ह ०.२ व्होल्टच्या आत हवं. (मीटरची वायर पुरत नाही, जादा वायर जोडा.) इथे २.४ आले, म्हणजे तेवढे व्होल्ट अर्थिंगमध्येच वाया!

सीटखालचा अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. बॅटरी सोडवून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, नवा लग (वायरच्या टोकाची रिंग) आवळला, वरून व्हॅसलिन. आता ०.०८.

रीडिंग ठीक असूनही ओढ नसेल तर प्रेशर गेज लावावा लागेल. ते गॅरेजमध्येच करा. लाइनमध्ये साधारण ३ बार प्रेशर असतं.