दोन जिवलग मित्रांची गोष्ट लिहायचीय? मग आधी वहीत हिशोब मांडा

लहानपणीच्या दोस्तीची कथा म्हटलं की आपण गुपित शेवटच्या पानासाठी राखून ठेवतो, मीपण तेच केलेलं, रंकाळ्यावर संध्याकाळ, दोघं कठड्यावर आणि तीन पानं नुसता कबुलीजबाब. एका मित्रानं वाचलं आणि विचारलं, "वीस वर्षं हा गप्प होता, तेवढ्यात काय करत होता ते कुठाय?" माझी बोलतीच बंद.

तर गुपित सुरवातीलाच फोडा. समजा कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले दोघं, नववीतले, तालमीच्या गणपतीची वर्गणी एकाकडं ठेवलेली, दुसऱ्यानं ती उचलली. आळ साहजिकच ज्याच्याकडं पैसे होते त्याच्यावर, आणि त्यानं दोस्ताला बघितलं असूनपण तोंड उघडलं नाही. बापानं शाळेतून काढून उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर उभा केला. चोर शिकला, पुण्याला गेला. वाचकाला हे सगळं सांगा, फक्त त्यानं आपल्याला बघितलंय हे चोराला कळू देऊ नका, सगळी गंमत तिथंच आहे.

आता वहीत दोन रकाने पाडा, कुणी काय सोसलं आणि कुणाला काय माहिताय, आणि प्रत्येक प्रसंगानंतर भरा. रकाने सारखे व्हायला लागले तर कथा ढिली पडली समजा, मग परत बिघडवा. २०१९ चा महापूर घ्या की, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याचा हा तिकडंच अडकलेला आणि इकडं त्याच्या आईला खांद्यावर घेऊन कोण बाहेर काढतंय, तर लेथवालाच. झालं, उधारी डबल!

"त्याचं मन त्याला खात होतं" असलं वाक्य दिसलं की खोडा. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर न्या दोघांना, म्हशी तिथंच पिळतात, ग्लासात फेस वर आलेला. पुण्याचा गडी दर वेळी दूध यायच्या आधीच पैसे देऊन मोकळा होतो आणि दोस्ताच्या बोटांकडं बघायचं टाळतो, कारण भेगांत मुरलेलं काळं ऑईल साबणानं जात नाही. बास, एवढंच.

आणि हो, त्याग करणाऱ्याला देव करू नका राव, लै बोअर होतं. तो गप्प का बसला? शाळेतलं गणित नकोच होतं कदाचित. कदाचित दोस्त आपल्या उपकाराखाली आहे ह्याची चटक लागली असेल. कधीतरी त्याला वसूल करू द्या, पोराच्या अॅडमिशनला पैसे मागू द्या, आणि मागताना आवाजात जराही विनंती नको.

कबुली आलीच तर चोराला पुरती बोलू देऊ नका. तो म्हणतो, "भावा, त्या वर्गणीचं एक सांगायचं हुतं..."

लेथवाला ओठावरचा फेस पुसतो. "बाराशे चाळीस हुते. मीच मोजून ठेवल्याले."