कॉमिक काढायला सुरुवात करताय? आधी टॅबलेट घेऊ नका

सोलापुरात नव्या पेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात एचबी पेन्सिल, काळं वॉटरप्रूफ पेन आणि साधे ए४ कागद मिळतात, पहिली दहा पानं त्यावरच काढा, गड्ड्याच्या यात्रेत तासभर बसून माणसं काढली तरी हात लई सुधारतो. शाई नीट वाळल्याशिवाय खोडरबर फिरवू नका, सगळं पान काळं होतं.

मग पान मोबाईलने दिवसाउजेडी सावली न पाडता फोटो काढून लॅपटॉपवर घ्या आणि क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर टाका, ते फुकट आहे आणि कॉमिकच्या चौकटी आखायची सोय त्यात आहेच. छापायचं असेल तर फाईल सुरुवातीलाच ३०० डीपीआयची (दर इंचाला ३०० ठिपके) बनवा, म्हणजे ए४ ला २४८० बाय ३५०८ पिक्सेल, छोटी फाईल नंतर ताणली की रेषा फुटतात.

मराठी संवादांसाठी मी तरी इंकस्केप हे रेखाचित्रांचं सॉफ्टवेअर वापरतो, तेही फुकटच, मुक्ता किंवा बलू हे युनिकोड फॉन्ट घ्या आणि क्ष, ज्ञ, र्‍या अशी जोडाक्षरं आधी टाईप करून बघा. संवादाचा फुगा मात्र अक्षरं बसवल्यावरच काढा, आधी काढलात तर आपली वेलांटी-मात्रा हमखास कडेला घासते.