काटेरी उंदीर पाळताय? जोडी आणण्याआधी एवढी तयारी करा

काटेरी उंदीर म्हणजे बांधावरचा उंदीर पकडून आणायचा नव्हे. आपल्या दख्खनच्या माळावरही राठ केसांचा एक उंदीर आहे, पण तो रानातच बरा. पाळतात तो 'अकोमिस', आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या खडकाळ, कोरड्या मुलखातला. मुलूख कोरडा म्हणून सोलापूर त्याला मानवेल असं वाटतं, पण त्याच्या मुलखात ऊन चढलं की तो खडकाच्या फटीत शिरतो. काचेच्या टाकीत फट आपणच करून द्यायची.

आधी घर. माशांच्या दुकानात मिळणारी तीन फूट लांब, दीड फूट उंच टाकी तीन-चार उंदरांना पुरते. प्लास्टिकचा पिंजरा घेऊ नका, कुरतडून बाहेर येतात. झाकणाला लोखंडी बारीक जाळी हवी, पिल्लं जन्मल्यापासूनच हिंडायला लागतात. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

आत काय? बरंचसं घरातच सापडेल. शहाबादी फरशीचे तुकडे एकमेकांवर असे रचा की हलणार नाहीत. फरशी थंड राहते, वर चढताना नखंही झिजतात. एखादं गाडगं आडवं ठेवा, पेरूची फांदी टाका. तळाला कागदाच्या पट्ट्या आणि वाळलेलं गवत. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंक असतो. आणि आपल्याकडे हमखास होणारी चूक: मागावरच्या सुताचे तुकडे मऊ म्हणून घरट्याला देणं. सूत पायाला गुंडाळतं आणि पाय जातो. एका ताटलीत धुऊन वाळवलेली वाळू ठेवा, लोळतात. चाक घेतलंच तर सलग पृष्ठभागाचं, दांड्यांचं नको.

स्टीलच्या नळीच्या पाण्याच्या बाटल्या दोन घ्या, एक अडकली तर दुसरी असते. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा त्यांच्यासाठीही एक कळशी बाजूला काढून ठेवा.

खाण्याचं सोपं आहे: ज्वारी, बाजरी, थोडी नाचणी, काकडी-गाजराचा तुकडा, आठवड्यातून एकदोनदा उकडलेल्या अंड्याचा कण. शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया मात्र हात आखडून. शेंगा चटणीच्या गावात हे सांगणं जिवावर येतं, पण हा प्राणी चरबीच्या खाण्यानं लठ्ठ होतो, त्याला मधुमेहही होतो. धान्य झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर घरचे उंदीर पंगतीला येतील.

शेपटीला धरून कधीही उचलू नका. तिची कातडी मोज्यासारखी निघून येते आणि शेपूट परत येत नाही. अंगावरची जखम मात्र केसांसकट भरून येते, म्हणून तर शास्त्रज्ञ याच्या मागे आहेत. उचलायला स्टीलचा पेला वापरा: पुढे धरा, आपसूक आत शिरतो. नंतर हात साबणानं धुवा.

मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो, तेव्हा खोलीत थर्मामीटर हवाच. २२ ते २८ अंश उत्तम. कूलर लावा, पण झोत थेट टाकीवर नको. वीज गेली की बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेर टेकवा.

पिल्लं हवी असतील तर एक नर आणि एकत्र वाढलेल्या दोन माद्या ठेवा. अनोळखी माद्या एकमेकींच्या शेपट्या चावतात. गर्भकाळ साधारण साडेपाच-सहा आठवड्यांचा, घरच्या उंदरापेक्षा जवळजवळ दुप्पट. पिल्लं दोन-तीनच होतात, पण केसांसकट जन्मतात. दुसरी मादी बाळंतपणाला मदत करते, तिला बाजूला काढू नका. त्या आठवड्यात टाकीही धुवू नका.

एकच घाई असते. व्यायल्यावर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते आणि पिल्लंही दोन-तीन महिन्यांत वयात येतात. तेव्हा दुसरी टाकी पहिल्या टाकीबरोबरच घ्या आणि सहाव्या आठवड्यापर्यंत नर पिल्लं तिकडे हलवा.