मोटरहोम घेऊन आव्हिन्यों कसं पाहावं

मोटरहोम, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने कशी घ्यायची, परवाना कोणता लागतो, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय कशी करायची, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंत खरी अडचण वेगळीच आहे. चौदाव्या शतकातल्या तटबंदीच्या आत वसलेलं शहर आणि आपली सात मीटर लांबीची गाडी, या दोघांचं जमवायचं कसं?

पायरी १: गाडी बेटावर लावा

"पहाटे जा, तटाबाहेर कुठेतरी जागा मिळतेच," असं सांगणारे खूप भेटतात. त्यांचं ऐकू नका. हा टप्पा सुरुवातीला मलाही जड गेला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे उंची. फ्रान्समधल्या कितीतरी पार्किंगच्या तोंडाशी साखळीने टांगलेला आडवा दांडा असतो आणि त्यावर "१,९०" किंवा "२,००" असा आकडा लिहिलेला असतो. तो स्वल्पविराम म्हणजे आपला दशांशचिन्हाचा टिंब. आपली गाडी तीन मीटरच्या आसपास उंच, म्हणजे तिथे प्रश्नच मिटला. वाईट एवढंच की हा दांडा बहुतेकदा वळण घेतल्यावर दिसतो, तोवर मागे गाड्या लागलेल्या असतात. गाडीच्या कागदावरच्या उंचीवर विसंबू नका. छतावर एसी किंवा डिश बसवली असेल तर टेप लावून स्वतः मोजा आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा.

दुसरं, फोनवरचा नकाशा. त्याला तुमची गाडी छोटी कारच वाटते, त्यामुळे तो सरळ तटाच्या दरवाजातून आत घालतो. आतल्या गल्ल्यांत मोटरहोम वळवणं म्हणजे जिवाला घोर. मागच्या चाकाच्या मागे दीड-दोन मीटर बॉडी असते. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ती शेपटी उजवीकडे फेकली जाते आणि भिंतीला घासते. नकाशात "आव्हिन्यों" कधीच टाकू नका, "इल द ला बार्तलास" टाका. हे ऱ्होन नदीतलं बेट, शहराच्या अगदी समोर. दालादिए पूल ओलांडताना बेटाकडे उतरणारा फाटा लागतो. तिथे कॅम्पसाइट, म्हणजे मोटरहोम किंवा तंबू लावून राहायच्या जागा, आहेत. आदल्या संध्याकाळीच पोहोचा आणि दोन रात्री राहा. पैसे वाचवायला रस्त्याकडेला गाडी लावून दिवसभर शहरात फिरणं मला मुळीच पटत नाही. सगळं सामान, पासपोर्ट, लॅपटॉप त्या एका पातळ दारामागे असतं. शिवाय रस्त्यावर गाडी उभी करता येते, पण तिथे खुर्च्या मांडणं किंवा छत्री उघडणं म्हणजे कॅम्पिंग, आणि ते चालत नाही.

निघताना छताच्या खिडक्या लावून घ्या. मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा ऱ्होनच्या खोऱ्यात अचानक सुटतो आणि उघडं झाकण उचकटून नेतो.

पायरी २: नदी ओलांडा

बेटावरून शहराकडे फुकट होडी जाते. वेळा मोसमानुसार बदलतात, त्या आदल्या दिवशी बघून ठेवा. होडी बंद असेल तर दालादिए पुलावरून चाला.

पायरी ३: आधी बाजार, मग राजवाडा

ले आल हा झाकलेला बाजार दुपारी आवरतो आणि सोमवारी बंद असतो, म्हणून तिथे आधी जा. वांग्याचा पापेतोन हा इथला खास पदार्थ. मांस नसतं, पण अंडं असतं, तेव्हा न खाणाऱ्यांनी विचारून घ्या.

सहलीचे गट जेवायला बसतात तेव्हा पोपच्या राजवाड्यात शिरा. १३०९ ते १३७७ या काळात पोपचं मुख्य ठाणं रोम नव्हे, हे शहर होतं. सहाव्या क्लेमेंट पोपने तर १३४८ मध्ये नेपल्सच्या राणीकडून ८०,००० फ्लोरिन या सोन्याच्या नाण्यांना शहरच विकत घेतलं. दालनं आज रिकामी आहेत म्हणून पुष्कळजण भराभर उरकतात. तसं करू नका. 'हरणाची खोली' म्हणतात त्या क्लेमेंटच्या अभ्यासिकेत थांबा. भिंतभर गर्द झाडी, ससाणे, मासे धरणारी माणसं. धर्मगुरूच्या खोलीत देवाधर्माचं चित्र नाही, सगळी शिकार!

पायरी ४: पूल

ऱ्होनवरच्या जुन्या सें-बेनेझे पुलाच्या २२ कमानींपैकी ४ उरल्यात. तिकीट काढून वर जायलाच हवं असं नाही, राजवाड्याशेजारच्या रोशे दे दोम बागेतून तो उत्तम दिसतो.

पायरी ५: परत

सांडपाणी आणि टॉयलेटची कॅसेट (बाहेर काढता येणारी मैल्याची टाकी) कॅम्पसाइटच्या त्यासाठीच्या सर्व्हिस पॉइंटवरच रिकामी करा, निघण्याच्या सकाळी गर्दी होण्याआधी. आणि जुलैत जाणार असाल तर बेटावरची जागा महिने आधी राखून ठेवा: १९४७ पासूनचा नाट्यमहोत्सव तेव्हा असतो आणि ऐनवेळी जागा मिळणं मुश्कील होतं.