नाल्यातलं शिंपलं नकाशावर चढवू नका: थर आणि जीवाश्म वाचताना या चुका टाळा

खान्देशातल्या मुलांची पहिली चूक घरूनच सोबत येते. सातपुड्याचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर बघायचे आणि वहीत ‘गाळाचे थर’ लिहून मोकळं व्हायचं. ते लाव्हाचे थर आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. मधला लाल पट्टाही समुद्राचा चिखल नव्हे.

खरे सागरी थर बघायला आम्ही शिरपूरहून बिजासन घाट चढून, नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यातल्या ‘बाग’ या गावी जातो. तिथे खाली निमाड वालुकाश्म, वर गाठाळ चुनखडक, त्यावर ‘प्रवाळी’ चुनखडक (नाव प्रवाळाचं, जीव बहुतेक ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे चिमुकले जलचर) आणि माथ्यावर लाव्हा.

एका वर्षी नाल्यातून आरोळी आली, “सर, शिंपलं सापडनं!” मी पलीकडच्या काठावर होतो. मी पोचेपर्यंत पोराने खडकांच्या नकाशावर तिथे चुनखडक रंगवला होता. पुढच्या सोंडेवर त्याची सीमारेषा जुळेना, तर त्याने मध्ये एक प्रस्तरभंग (खडक तुटून थर सरकल्याची रेषा) काढला! दोन दिवस सगळा गट तो नसलेला भंग शोधत उन्हात फिरला. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना नाल्यातून वर चालवलं. काठाला सलग वालुकाश्मच होता, शिंपली फक्त गोट्यांमध्ये. एका वळणानंतर शिंपली मिळेनाशी झाली, आणि तिथेच डाव्या कड्यात, डोक्याच्या वर, चुनखडकाचा थर दिसला. शेजारी काळ्या दगडाचे गोटेही पडले होते. ते माथ्यावरून आले हे सगळ्यांना कळत होतं, मग शिंपलं का नाही येणार?

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. सुटा जीवाश्म पेन्सिलीने, थरात रुतलेला शाईने. प्रस्तरभंग काढायचा असेल तर चुरडलेला खडक किंवा सरकलेला थर मला बोटाने दाखवायचा. रेषा जुळत नाही हा पुरावा नव्हे, ती घाई आहे.

दगडावरची नेच्यासारखी काळी नक्षी बहुधा मँगनीजची असते. पानाची शीर शोधा.

गोल दगड म्हणजे अंडं नव्हे. बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, कांद्यासारखा सोलत झिजतो.

होकायंत्र वाचताना हातोडा लांब ठेवा. बेसाल्टवर तर एकाच जागेचं वाचन दोनदा, दोन पावलं सरकून घ्या, कारण त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. फोनमधल्या होकायंत्रावर मी नती-दिशा (थर कुठल्या दिशेला कललाय ते) घेऊ देत नाही, कितीही रुसा.

आणि जीवाश्म उपटण्याआधी फोटो काढा, थराची वरची बाजू बाणाने दाखवा. पिशवीत पडल्यावर तो कोणत्या थरातला हे कुणालाच सांगता येत नाही.