मृगाआधी फोनची तयारी: क्लाउड घ्यायचं की सर्व्हर कपाटात ठेवायचा

आमच्या घाटंजीकडच्या शेतकरी कंपनीत मृग लागला की आठ जण फोनवर बसतात. बियाण्याची गाडी कधी येते इथपासून पोळ्यानंतरच्या "मॅडम, बोंडात अळी दिसून राह्यली" इथपर्यंत सगळं त्यांच्या कानावर पडतं. तुम्हीही असा कक्ष काढणार असाल तर एप्रिलातच लागा. कॉल वळवणारी व्यवस्था दोन प्रकारे मिळते: विक्रेत्याच्या सर्व्हरवर, नेटवरून भाड्याने (म्हणजे क्लाउड), नाहीतर स्वतःच्या कपाटातल्या सर्व्हरवर.

आधी कोटेशन मागवू नका. एक वही घ्या आणि पंधरा दिवस विजेची लाइन कधी गेली, किती वेळ गेली ते लिहा. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो बदली होताना क्षणभर झटका बसतो, पंखा चालूच राहतो, पण राउटर बंद होऊन पुन्हा उठायला दोन मिनिटं घेतो. तेवढ्यात सगळे कॉल तुटतात. राउटरला वेगळा छोटा यूपीएस लावा. आम्ही हे उशिरा शिकलो.

मग नेट. साध्या जी.७११ कोडेकवर (आवाज नेटवरून पाठवायच्या पद्धतीवर) एका कॉलला प्रत्येक दिशेने ८०-९० केबीपीएस लागतात, म्हणजे आठ कॉल १ एमबीपीएसमध्ये (१००० केबीपीएसमध्ये) बसतात. १०० एमबीपीएसच्या जाहिरातीला भुलण्यात अर्थ नाही. भर दुपारी पॅकेट, म्हणजे आवाजाचे तुकडे, किती गळतात आणि आवाज पोचायला किती वेळ लागतो ते तपासा. एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या बरंच पुढे गेलं की दोघंही एकदमच बोलायला लागतात.

मागच्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर उचकटली, दोन दिवस नेट नाही. तरी फोन घेतले, कारण आमची व्यवस्था क्लाउडवर होती. 'बियाण्यासाठी १ दाबा' म्हणणारा आवाज आमच्या खोलीत राहतच नाही. तो कॉल आमच्या पोरींच्या मोबाइलवर साध्या टॉवरने वळवला. म्हणून विक्रेत्याला हे आधी विचारा: एजंटचा, म्हणजे फोन घेणाऱ्याचा, कॉल नेटशिवाय मोबाइलवर येतो का, आणि आला तर दोन्ही टोकांच्या मिनिटांचे पैसे लागतात का? ब्राउझरमध्येच चालणारी व्यवस्था असेल तर जेसीबी तुमचा कक्ष बंद पाडेल.

स्वतःचा सर्व्हर वाईट नाही. ॲस्टेरिस्क हे कॉल वळवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एका पीआरआयवर (टेलिफोन कंपनीच्या डिजिटल लाइनवर) एकाच वेळी ३० कॉल चालतात, रेकॉर्डिंग आपल्याच कपाटात राहतं, सभासदांच्या नोंदवहीशी हवं तसं जोडता येतं आणि दर खुर्चीमागे, म्हणजे फोनवर बसणाऱ्या दर माणसामागे, महिन्याचं भाडं नाही. वर्षभर सारखेच कॉल येत असतील तर हेच स्वस्त पडेल. फक्त ते चालवणारा माणूस आणि थंड खोली हवी. पहिल्या वर्षी आमचा होता तो, कुलरच्या खोलीत. मेच्या उन्हात हार्ड डिस्क गेली, सोबत तीन महिन्यांचं रेकॉर्डिंगही. नुसत्या आवाजाचे ६४ केबीपीएस धरले तर रेकॉर्डिंगला तासाला २९ एमबीच्या आसपास जागा लागते. रोज चाळीस तासांचं बोलणं म्हणजे दिवसाला सव्वा जीबीच्या आत. दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवणं काही महाग नव्हतं, आळस नडला.

आमच्याकडे जूनमध्ये आठ खुर्च्या, फेब्रुवारीत तीन. त्यामुळे क्लाउड जमलं. पण करारात किमान किती खुर्च्या आणि किती महिने बांधून घेतलंय ते वाचा, आणि सोडताना रेकॉर्डिंग परत कसं मिळणार ते लिहून घ्या. कोणी दूरसंचार विभागाची कॉल सेंटरसाठीची जुनी ओएसपी नोंदणी लागते म्हणेल. ती नोव्हेंबर २०२० पासून काढून टाकली आहे. रेकॉर्डिंग होतंय हे मात्र फोन लागताच सांगा. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा या दोन पर्यायांत फरक करत नाही.

स्वागताचा आवाज गावच्याच कुणाचा घ्या, पर्याय तीनच ठेवा. सगळं जोडून झालं की भर दुपारी, चार कॉल चालू असताना, मेन स्विच पाडा. कोणते कॉल टिकले, पुढचा फोन कुठे वाजला, ते त्याच वहीत लिहा आणि मगच पैशांचा दुसरा हप्ता सोडा.